पाच नद्यांचा रस्ता

"इथं थांब," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. "वहीत लिहिलंय, पुलाच्या अलीकडं डाव्या हाताला गाडी उभी करायची आणि शंभर पावलं चालत जायचं."

मी जीप डावीकडं घेतली. समोर आष्टीचा पूल, खाली वैनगंगा. जानेवारीतली सकाळ होती. पाणी आटून एका अंगाला गेलं होतं आणि बाकी सगळी वाळू ऊन खात पडली होती. काकू उतरल्या, पदर खोचला आणि मोजून पावलं टाकत निघाल्या. सर त्यांच्या मागून गेले. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो.

हे जोडपं मला चमत्कारिक वाटत होतं. मिरजेचे कवठेकर सर, गणिताचे रिटायर मास्तर, आणि त्यांच्या पत्नी इंदुमती. सर पासष्टीचे, काकू साठीच्या आसपास. आदल्या दिवशी बल्लारशाच्या स्टेशनवर मी त्यांना घेतलं होतं. चार दिवसांचं ठरलं होतं. वैनगंगेच्या काठानं खाली यायचं, चपराळ्याला वर्धा येऊन मिळते तो संगम बघायचा, तिथून जी प्राणहिता होते तिच्या सोबतीनं जंगलातून सिरोंचाला जायचं, गोदावरी बघायची आणि शेवटी सोमनूरला इंद्रावती. सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलेलं होतं. काकू ती मांडीवर उघडी ठेवून बसत आणि मला वाचून दाखवत. कुठं सकाळी आठच्या आत पोचायचं, कुठं चहा चांगला मिळतो, कुठल्या वळणावर नदी एकाएकी समोर येते. वही लिहिणाऱ्याला रस्ता पाठ होता. मी रोज त्या रस्त्यानं गाडी चालवायचो, तरी त्यातली निम्मी वळणं मी कधी बघितली नव्हती.

हे एकोणीसशे नव्व्याण्णवचं. मी एकोणतीस वर्षांचा होतो, अहेरीत राहून भाड्याची जीप चालवायचो. तोवर बरेच पर्यटक फिरवले होते. ते नदी बघतात, फोटो काढतात आणि जेवायला कुठं थांबायचं ते विचारतात. हे दोघं नदीकडं फारसं बघतच नव्हते. घाटावर उतरले की काकू थेट माणसांकडं जायच्या. जाळं विणणारा, डोंगा रंगवणारा, धुणं धुणाऱ्या बाया. पर्समधून काहीतरी काढून दाखवायच्या, बोलायच्या. समोरचा मान हलवायचा. काकू पर्स बंद करून परत यायच्या आणि म्हणायच्या, "चल, पुढचं ठिकाण."

दुपारी चपराळ्याला पोचलो. दोन नद्यांची पाणी एकमेकांत मिसळायच्या आधी थोडं अंतर शेजारी शेजारी चालतात, एक मातकट, एक हिरवट. काकू वाळूतल्या डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्यांकडं गेल्या, तिथं दोन बाया वेल लावत होत्या. सर मात्र झाडाखाली बसले. चालून त्यांना दम लागला होता.

"तुला आम्ही वेडे वाटत असू, दिवाकर."

"नाही सर."

"वाटत असलो तरी चूक नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती वही माझ्या मुलीची. वैजयंती. आम्ही वैजू म्हणायचो. एका मासिकात लिहायची, गाडीनं करायच्या प्रवासांवर. पाच मोठ्या नद्या एका रस्त्यात भेटतात असा रस्ता दुसरा नाही म्हणायची. एकदा हिवाळ्यात येऊन सगळं फिरून गेली. मग म्हणाली, नद्या भरलेल्या बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही. पावसाळ्यात पुन्हा आली. सत्त्याण्णव साली, आमच्या घरी गौरी जेवल्या त्या दिवशी, मार्कंड्याच्या खाली एका वळणावर फोटो काढत उभी होती. काठ खचला. पलीकडून एका गुराख्यानं पाहिलं. बस. वही आणि पिशवी गाडीत राहिली होती तेवढी आमच्याकडं आली."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सव्वीस वर्षांची होती. दोन महिने शोधलं. अंगावरचा कपडासुद्धा मिळाला नाही." सरांनी वाळूकडं बोट केलं. तिथं काकू त्या बायांना फोटो दाखवत होत्या. "हिचं म्हणणं, वैजू कृष्णेच्या पुरात पोहणारी पोरगी. कुणीतरी तिला बाहेर काढलं असणार. डोक्याला मार लागून सगळं विसरली असेल, कुठल्यातरी गावात कुणाच्यातरी घरी राहत असेल. घरी अजून तिचं ताट वाढते. मला तिचे दिवस करू दिले नाहीत. मी बोललो की म्हणते, तुम्ही बाप असून पोरीला मारायला निघालात."

"आणि ओळखीची काही खूण, सर?"

"माझं जुनं घड्याळ वापरायची. पुरुषी, रुंद चामडी पट्ट्याचं. आणि तेही उजव्या हातात." ते थोडे हसले. "लहानपणापासून उलटी खोपडी."

मी विचारलं, "गौरीच्या दिवशी म्हणालात ना?"

"हो. का रे?"

"काही नाही. त्या वर्षी पाणी मोठं होतं."

मी जीपकडं गेलो, बॉनेट उघडलं आणि इंजिनात बघत उभा राहिलो. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. सर मागून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनी मला प्रवास करू नको म्हणून सांगितलंय. छातीचं दुखणं आहे. हिला माहीत नाही. मी गेलो की ही एकटी घाटोघाट फिरत बसेल. समुद्रापर्यंत जायचं बोलते. कुणीतरी हिला एकदा सांगायला पाहिजे, की संपलं. माझं ती ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्ली सोडली. सागाचं जंगल लागलं. पानं वाळून रस्त्यावर पडली होती, त्यावरून जीप गेली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मी म्हणालो, "काकू, पुढं आतले रस्ते फार खराब आहेत. आपण थेट सिरोंचाला जाऊ. तिथला घाट मोठा आहे, माणसंही पुष्कळ भेटतील."

"एक ठिकाण मधे आहे," काकू म्हणाल्या. वहीचं पान उलटलं. "'चिंतलगुडा. मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. रस्ता वाईट आहे, तरी जा. प्राणहिता इतकी शांत दुसरीकडं कुठंच दिसत नाही. घाटावर एक म्हातारा नावाडी बसलेला असतो. डोंग्यातून फिरवतो आणि सगळ्या माशांची नावं सांगतो. मला एक काळा चहा पाजला, त्यात मीठ होतं.' हे गाव ठाऊक आहे तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण पाटी रस्त्यावर होती आणि त्या प्रत्येक पाटी वाचत होत्या.

"माझंच गाव आहे."

"अगंबाई! आणि तो नावाडी?"

"माझे बाबा. इस्तारी त्यांचं नाव."

काकू हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. सरांच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "ऐकलंत? याच्या वडिलांच्या हातचा चहा प्यायलीय वैजू."

बाबा घाटावरच होते. डोंगा वाळूवर उपडा घालून त्याच्या भेगांत डांबर भरत होते. मला अवेळी आलेला बघून उठले, पाहुणे बघून धोतराला हात पुसले. काकूंनी कालसारखीच पर्स उघडली आणि फोटो पुढं केला.

बाबांनी तो हातात न घेता वाकून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"ही पोट्टी ना? आली होती ना जी. दोन घंटे डोंग्यात बसली. वाम काय, मरळ काय, सारं लिहून घेतलं. मले म्हणे, बाबाजी, तुमचा फोटो छापून आणीन."

"कधी आली होती?" काकूंचा आवाज चिरकला.

"थंडी होती. दोन वर्षं झाली असतील जी."

"पावसाळ्यात नाही? त्यानंतरच्या पावसाळ्यात? गौरी-गणपतीच्या सुमाराला? पाण्यात पडलीय हो ती. वरच्या अंगाला, मार्कंड्याजवळ. कुणी इथं बाहेर काढलं का? कुणाच्या घरी आहे का? उजव्या हातात मोठं घड्याळ असायचं तिच्या, पुरुषाचं..."

बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. माणूस आपल्या मुलाकडं तसं बघत नाही. मी आयुष्यात ती नजर विसरलो नाही.

काकूंनी फोटो पर्समध्ये ठेवला आणि पर्सची साखळी ओढली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढं गोदावरी आहे ना. आंध्रातली गावंही बघायची आहेत अजून. चला हो." वाळूत बसलेले सर उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. डोंग्याच्या कडेला हात टेकून ते तसेच बसून राहिले. ओठ निळे पडले होते. काकू पाठमोऱ्या होत्या.

"काकू," मी म्हणालो. "थांबा. ती आली होती इथं. पावसाळ्यात."

त्या वळल्या.

"गौरी जेवल्यावर चौथ्या दिवशी. पूर उतरत होता. आम्ही बापलेक जाळं बघायला आलो होतो, तर या वळणावर झाडाच्या फांद्यांत अडकली होती. जीव नव्हता, काकू. केव्हाच गेला होता. उजव्या हातात घड्याळ होतं, रुंद पट्ट्याचं. आम्ही तिला बाहेर काढलं. पोलिसांना कळवलं नाही, गावाला भीती वाटली. वरच्या अंगाला, त्या उंचवट्यावर नेऊन अग्नी दिला. राख इथंच सोडली. कुणाची कोण, माहीत नव्हतं."

मला वाटलं होतं त्या किंचाळतील. पण त्या वाळूत बसल्या, पाय दुमडून, देवघरात बसावं तशा. सरांनी डोळे मिटले. काकू बोटांनी समोरची वाळू सारखी करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "लाकडं कोरडी मिळाली का रे? पावसाचे दिवस ते."

"घरातली काढली," मी म्हणालो.

"अग्नी कोणी दिला?"

मी बाबांकडं बघितलं नाही. ते माझ्या मागं होते.

"मी दिला," बाबा म्हणाले.

काकू उठल्या आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. बाबा मागं सरले. त्या आणखी पुढं झाल्या. बाबा मागं मागं जात राहिले, टाचा पाण्यात बुडाल्या तरी थांबले नाहीत. शेवटी पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यात काकूंनी त्यांना गाठलं आणि तिथं, पाण्यात हात घालून, पाय धरून रडल्या.

मी काकूंना जे सांगितलं, त्यातलं फांद्यांपर्यंतचं खरं होतं, आणि घड्याळाचं. बाकी खोटं.

ती पालथी होती. अंगावर निळा शर्ट, केस पुढं पाण्यात पसरलेले. मी पुढं झालो तर बाबा म्हणाले, "हात लावू नको. बांबू आण." आदल्या साली वरच्या एका गावानं असंच एक प्रेत काढलं होतं. कुणाचं, कुणी मारलं, तुम्हाला आधीच कसं दिसलं, या सवालांत त्या गावचे चार पुरुष महिनाभर घरी आले नव्हते. पोलिसांकडून सुटले तर नक्षल्यांनी जंगलात बोलावून तेच विचारलं. आमचं गाव बावीस घरांचं. त्या वेळी काठावरची सगळीच गावं हेच करत. आलेलं पुढं लावून द्यायचं. पुढच्या गावानं पुढं लावायचं.

बाबांनी पायानं फांदी दाबून धरली. मी बांबू तिच्या खांद्याशी लावला आणि ढकललं. ती हलली, अर्धी फिरली, उजवा हात पाण्याच्या वर आला तेव्हा घड्याळ दिसलं. मग धारेनं तिला घेतली. आम्ही जाळं तपासलं आणि घरी जाऊन जेवलो.

त्या दिवशी कवठेकरांना मी सिरोंचाला नेलं नाही. काकू म्हणाल्या, "आता पुढं काही बघायचं नाही." उंचवट्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, तिथली मूठभर माती रुमालात बांधली. गाडीत बसल्यावर वही मिटली आणि सरांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. अहेरी येईपर्यंत झोपल्या होत्या. सर आरशातून माझ्याकडं बघत होते. उतरताना त्यांनी माझा हात दाबला. त्यांना संशय आला होता की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

त्यांना पोचवून मी गावी परत गेलो. बाबा डोंग्यापाशी तसेच बसले होते, डांबर वाळून गेलं होतं.

"तोंड पाहाले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"बाबा, तेव्हा काय माहीत होतं?"

"तोंड पाहिलं असतं तर ओळखली असती. ओळखली असती तर सोडली नसती."

त्यानंतर ते कधी पाण्यावर गेले नाहीत. डोंगा चुलत्याला देऊन टाकला. जिवंतपणी आमच्यात त्या विषयावर पुन्हा एक शब्द झाला नाही.

पण तिकडं मिरजेला काकू सावरल्या. सरांची पत्रं यायची. वैजूचे दिवस केले. ताट वाढणं बंद झालं. ही आळीतल्या मुलांना शिकवायला लागली. काल खूप दिवसांनी गाणं गुणगुणली. दर जानेवारीत दोघं यायचे, उंचवट्यावर एक छोटा ओटा बांधून घेतला होता, तिथं बसायचे. काकू बाबांसाठी धोतरजोडी आणायच्या. बाबा ती घ्यायचे, आणि नेसायचे नाहीत. पाच वर्षांनी सर गेले. मग काकू एकट्या येऊ लागल्या. दर वेळी वाटेत त्या मला म्हणायच्या, "दिवाकर, सांग ना परत." आणि मी सांगायचो. कुणी लाकडं आणली, चुलतीनं तिच्या अंगावर कोरं लुगडं कसं घातलं, धूर कुठल्या दिशेला गेला. सांगून सांगून त्यात इतकं भरलं गेलं, की कधीकधी मला तो धूर खरंच दिसायचा.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात बाबा गेले. मी काकूंना कार्ड टाकलं. जानेवारीत त्या आल्या तेव्हा त्यांच्या सामानात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. घाटावर पोचल्यावर त्यांनी मला ते उतरवायला लावलं आणि गोधडी सोडली. काळा दगड, घोटून गुळगुळीत केलेला. त्यावर कोरलं होतं: 'वैजयंती कवठेकर हिला या ठिकाणी पित्याच्या मायेनं अग्नी देणारे इस्तारी यांच्या स्मरणार्थ.'

"ओट्यात बसवून घे," काकू म्हणाल्या. "वैजूच्या नावाशेजारी त्यांचं नाव पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, असा माणूस इथं होऊन गेला."

त्या अक्षरांकडं मला बघवेना. बाबांचं नाव, आणि त्याच्यापुढं ते. ज्या माणसानं आठ वर्षं नवं धोतर अंगाला लावलं नाही, त्याच्या छातीवर तो दगड ठेवल्यासारखं वाटलं. निदान तेव्हा मला वाटलं की मी बाबांसाठी बोलतोय. आता वाटतं, मला स्वतःलाच हलकं व्हायचं होतं.

"काकू, हा दगड बसवू नका," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. बांबू, फांदी, पुढच्या गावांचं. सरांचे निळे ओठ. काही ठेवलं नाही.

त्या ओट्यावर बसून ऐकत होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, चेहरा सुरकुतून छोटा झालेला. मी संपवलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. थोबाडीत मारतील, थुंकतील, शाप देतील, काय वाटेल त्याची माझी तयारी होती.

"पालथी होती म्हणालास," काकू म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तोंड नाही पाहिलंस."

"नाही."

"इस्तारींनीही नाही पाहिलं."

"नाही काकू."

"घड्याळाचा पट्टा कुठल्या रंगाचा होता?"

"ओला होता. काळा वाटला."

"तिचा तपकिरी होता."

"काकू, चार दिवस पाण्यात होता तो. काळाच दिसणार."

"रुंद पट्ट्याचं घड्याळ काय एकटी माझीच पोरगी बांधते?"

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी आष्टीच्या पुलापाशी पावलं मोजत जाताना त्यांचा चेहरा जसा होता, तसा पुन्हा झाला होता. डोळे मोठे, आणि त्यांत ती भयंकर चमक. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

"ती दुसरीच कुणी होती, दिवाकर," त्या म्हणाल्या. "बिचारी, असेल कुणाची. माझी वैजू नव्हती."

"काकू, दिवस जुळतो. घड्याळ जुळतं. मी तुम्हाला खरं सांगितलं ते यासाठी नाही..."

"आठ वर्षं!" त्यांचा आवाज एकदम फुटला. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की नखं रुतली. "आठ वर्षं मी तिला मेलेली धरून बसले. आठ वर्षांत मी कुणाला विचारलं नाही रे! एका माणसाला फोटो दाखवला नाही. ती कुठंतरी वाट बघत असेल, आणि मी इथं दगडावर हळद वाहत बसले."

त्यांनी माझा हात सोडला, पदर खोचला आणि वाळू तुडवत जीपकडं निघाल्या. ओट्याकडं वळूनही बघितलं नाही. दगड गोधडीवर उघडा पडला होता. तो मी उचलला नाही. कितीतरी दिवस तिथंच होता म्हणतात, मग पुरात गेला.

मी काय केलं ते मला त्या चालण्याकडं बघून कळलं. सर गेले होते, बाबा गेले होते. आता काकूंना थांबवायला जगात एकच माणूस उरला होता आणि त्याच्या शब्दावर त्या पुन्हा कधी विश्वास ठेवणार नव्हत्या.

त्यानंतर सहा हिवाळे मी त्यांना फिरवलं. सिरोंचा, सोमनूर, इंद्रावतीच्या पलीकडं, गोदावरीच्या काठानं खाली भद्राचलम, राजमहेंद्री. समुद्राला नदी मिळते तिथपर्यंत गेलो. तेलुगू त्यांना येत नव्हतं, मला येत होतं. मीच विचारायचो. शेवटच्या वर्षी त्यांना जीपमधून उतरवत नव्हतं, तेव्हा त्या आत बसून राहायच्या आणि मी एकटा फोटो घेऊन घाटावर जायचो. मिरजेहून काकू गेल्याचं त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं तेव्हा तो फोटो माझ्याच खिशात होता.

पण त्या दिवशी, चिंतलगुड्याच्या घाटावरून, मी मागोमाग गेलो तेव्हा त्या जीपमध्ये बसल्या होत्या. पर्स उघडून फोटो पदराच्या टोकानं पुसत होत्या. मी चावी लावली. गाडी वळवली.

"पुढच्या गावी थांबव," काकू म्हणाल्या. "आणि विचारताना त्यांना नीट सांग. फोटो जुना आहे. आता ती छत्तीस वर्षांची असेल. एखादा केस पिकला असेल."